मधली हवा

२०२२ सालची दिवाळी वाचकांना आठवत असेल. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामध्ये त्या वर्षी एक मोकळा दिवस आला होता, आणि त्या दिवशी, २५ ऑक्टोबरला, सूर्य ग्रहण लागलेल्या अवस्थेतच मावळला. घरोघरी फराळाच्या डब्यांवर तुळशीपत्रे ठेवली गेली होती. आमच्या घरीही ठेवली होती; मी काही मोठा सुधारक नव्हे. शाळेला सुटी होती, पण विज्ञानाच्या बाईंनी हौशी मुलांना मैदानावर बोलावले होते, आणि मीही पायात चपला अडकवून तिकडे गेलो होतो. काळे चष्मे हातोहात फिरत होते. दहा मिनिटांत मुले कंटाळली आणि पकडापकडी खेळू लागली. एक मुलगा मात्र सूर्य बुडेपर्यंत जागचा हलला नाही. "सर, कोपरा मोडलेल्या भाकरीसारखा दिसतोय," एवढेच तो मला म्हणाला.

या मुलावर पुढे दोन वर्षांनी मी एक अन्याय केला. आज जे लिहायला बसलो आहे ते त्याविषयी.

आधी माझी ओळख. मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि त्यावर चित्रकला शिकवण्याची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. तीन छापून आल्या आहेत. म्हणजे धंद्याने माझा संबंध रेषेशी आणि रंगाशी, आणि छंदाने थापांशी! असा मनुष्य खऱ्याखोट्याचा निवाडा करायला बसला तर काय होईल, हे वाचकांनीच ओळखावे.

आमच्याकडे विज्ञान प्रदर्शन भरले होते. परीक्षकांत एक चित्रकलेचा मनुष्य असावा म्हणून मलाही खुर्ची मिळाली. फिरता फिरता मी एका चित्रापाशी थबकलो. काळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी बिंब. कडेला किंचित मंद होत गेलेले. मध्यावर डागांचे दोन पुंजके. प्रत्येक डागाचा गाभा काजळासारखा काळा आणि त्याभोवती राखी रंगाची झालर. झालरीतले धागेसुद्धा दिसत होते. खाली त्या मुलाचे नाव होते. घराच्या गच्चीवरून टिपलेला सूर्य!

मी विचारले, "हा सोनेरी रंग कॅमेऱ्याने दिला?"

"नाही सर. तो मी भरला. मूळ चित्र करड्या रंगाचं होतं."

"आणि हे बारकावे? तेही तूच भरलेस?"

"भरले नाहीत सर. सॉफ्टवेअरनं वर काढले."

माझ्या मते निकाल तिथेच लागला. मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिले : 'चित्र मूळ स्वरूपात नाही; संगणकावर फेरफार केलेले आहे.' बक्षीस एका पवनचक्कीला गेले. शेरा वाचून मुलगा माझ्याकडे आला. त्याचा आवाज रडवेला नव्हता. कोड्यात पडल्यासारखा होता. तो म्हणाला, "सर, मी सूर्याला हात नाही लावला. मधल्या हवेला लावला."

हे वाक्य आठवडाभर माझ्या डोक्यातून जाईना. शेवटी एका रविवारी सकाळी मी त्याच्या घरी गेलो.

दारात आजी गहू निवडत बसल्या होत्या. "या गुरुजी," त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा आता याला. सूर्याकडे दुर्बीण लावून बसतं पोर. डोळ्यांना काही झालं म्हणजे?" नातू गच्चीवरून ओरडला, "आजी, पुढं पडदा लावलाय!" त्याच्या पुण्याच्या मामाने जुनी चार इंची दुर्बीण दिली होती. तिच्या तोंडावर चांदीच्या वर्खासारखा चकाकणारा पातळ पडदा घट्ट बसवला होता. हा पडदा सूर्याच्या प्रकाशाचा सुमारे एक लाखावा भाग तेवढा आत सोडतो. तो नसेल तर दुर्बिणीतून सूर्याकडे पाहणे म्हणजे डोळा कायमचा गमावणे. (वाचकहो, सुटीत घरातल्या मुलांना हे पुन्हा एकदा सांगा.) शिवाय डोळा लावायच्या जागी एक छोटा कॅमेरा होता, म्हणजे त्याचा स्वतःचा डोळा तिथे नव्हताच.

त्याने संगणकावर मला कच्चे चलच्चित्र दाखवले. एका मिनिटात दोन हजार चित्रे टिपलेली. ते पाहून मी चकित झालो. सूर्याची कडा तापल्या तेलासारखी थरथरत होती. डाग क्षणात फुगत, क्षणात पुसट होत. वैशाखात डांबरी सडकेवर लांबचा मनुष्य पाण्यात उभा असल्यासारखा लटपटताना दिसतो, तसेच हे. प्रकाश सूर्यापासून पंधरा कोटी किलोमीटर सरळ येतो, त्याला सुमारे आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. आणि अगदी शेवटी, आपल्या गच्चीवरच्या काही मैल हवेत, त्याची अशी दशा होते!

मात्र ही हवा प्रत्येक क्षणी सारखीच बेचैन नसते. मध्येच एखाद्या क्षणी ती स्थिर होते आणि चित्र स्वच्छ उमटते. डेव्हिड फ्राइड नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ साली असा भाग्याचा क्षण किती वेळा लाभेल याचे गणित मांडले. आज हौशी माणसे त्याच तत्त्वावर चालतात. नेदरलँडमधील एमिल क्राइकाम्प यांनी 'ऑटोस्टॅकर्ट' नावाचे सॉफ्टवेअर रचले आणि कोणालाही फुकट वापरायला दिले. ते दोन हजार चित्रांतले प्रत्येक चित्र तपासते, कोणते किती स्पष्ट आहे ते ठरवते आणि त्यांना रांगेत उभे करते. मुलाने त्यातली पहिली दोनशे ठेवली. मग सॉफ्टवेअरने बिंबाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकडा आपापल्या जागी सरकवून जुळवला आणि दोनशेही चित्रे एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढली. कॅमेऱ्याच्या अंगचे कण दर चित्रात वेगवेगळ्या जागी पडतात, म्हणून ते सरासरीत विरून जातात. दोनशे चित्रांच्या बेरजेत हा गोंधळ जवळजवळ चौदा पटींनी घटतो. सूर्यावरचा डाग मात्र दर चित्रात तिथेच असतो. म्हणून तो उरतो.

मी म्हणालो, "म्हणजे ही दोनशे साक्षीदारांची साक्ष."

"हो सर. आणि कुणी एकानं सांगितलेलं धरायचं नाही."

पुढची पायरी मला अधिक संशयास्पद वाटत होती. सरासरीचे चित्र शांत होते, पण मऊ, धुक्यात बुडालेले. आता त्याने 'आयएमपीपीजी' नावाचे दुसरे सॉफ्टवेअर उघडले. त्यात एक जुने गणित वापरलेले आहे, विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ साली आणि लिऑन लूसी यांनी १९७४ साली स्वतंत्रपणे मांडलेले. कल्पना अशी : धूसर चित्रावरून मूळ कसे असेल याचा एक अंदाज बांधावा, तो अंदाज मुद्दाम धूसर करून हातातल्या चित्राशी ताडून पाहावा, जिथे फरक पडेल तिथे अंदाज सुधारावा, आणि असे पुनःपुन्हा करावे. मुलाने कळ फिरवली. धुके विरघळू लागले. डागाभोवतीची झालर उघडली, पृष्ठभागावर फिकट तांदळासारखे दाणे दिसू लागले. एकेक दाणा सुमारे हजार किलोमीटरांचा, उकळत्या सूर्याचा एकेक बुडबुडा. मीच उत्साहाने म्हणालो, "अजून वाढव!"

त्याने वाढवले. चित्र झगझगीत झाले. डागाभोवती एक सुंदर उजळ कडे उमटले, जणू कोणी चांदीचे वळे बसवले होते. मला तर तेच सर्वांत आवडले. पण मुलाने मान हलवली आणि कळ मागे घेतली.

"का रे? छान दिसत होतं की!"

"सर, ते कडं सूर्यावर नाहीये. ते मी केलं."

"तुला कसं कळलं?"

त्याने त्याच दिवसाचे, त्याच सुमाराचे दुसरे चित्र काढून दाखवले. अमेरिकेने फेब्रुवारी २०१० मध्ये आकाशात सोडलेली सूर्यवेधशाळा तिथून सूर्याची चित्रे पाठवत असते आणि ती सर्वांना खुली असतात. तिच्यामध्ये हवाच नाही. त्या चित्रात डाग होता, झालर होती, दाणे होते. कडे नव्हते.

मी खुर्चीत मागे टेकलो. ज्या मुलाला मी फेरफार करणारा ठरवले होते, तो स्वतःच्या हाताचा ठसा ओळखत होता, आणि दिसायला सुंदर असूनही तो पुसून टाकत होता. मी मात्र रंगाचा जाणकार असून त्या ठशावरच भाळलो होतो.

रंगाचे म्हणाल तर त्यात लपवण्यासारखे काही नव्हतेच. सूर्य मुळात पांढरा. आपल्याला तो पिवळा, तांबडा दिसतो तोही हवेमुळे. म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येणारे बिंबसुद्धा 'मूळ स्वरूपात' नसते! पुण्याच्या आयुका संस्थेने घडवलेली दुर्बीण 'आदित्य-एल१' यानावर आहे. ते यान जानेवारी २०२४ पासून पंधरा लाख किलोमीटरांवरून सूर्याकडे पाहते आहे. ती दुर्बीण जो जंबुपार प्रकाश टिपते, त्यातला बहुतेक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. त्याला दाखवायचे तर कोणता तरी रंग मानून घ्यावाच लागतो. आपण नकाशात समुद्र निळा रंगवतो, त्याला कोणी फसवणूक म्हणत नाही.

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला. मला वाटे, जे जसे दिसले तसे ठेवणे म्हणजे सत्य, आणि हात लावला की असत्य सुरू झाले. पण सूर्य पाहण्याचा इतिहास काही वेगळेच सांगतो. गॅलिलिओने १६१२ च्या उन्हाळ्यात कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून डाग रेखाटले. हात त्याचाच होता, आणि तरी त्या रेखाटनांवरून सूर्य स्वतःभोवती फिरतो हे आजही मोजता येते. जर्मनीतला श्वाबे हा औषधे विकणारा हौशी मनुष्य. बुधाच्याही आत एखादा ग्रह असेल, त्याची काळी टिकली सूर्यावरून जाताना सापडेल, या आशेने त्याने १८२६ पासून सतरा वर्षे डाग मोजले. ग्रह सापडला नाही. त्याने तो सापडल्याचा आव आणला नाही. डाग सुमारे दहा वर्षांनी वाढतात आणि ओसरतात, हे जे सापडले तेच १८४३ साली सांगितले. त्याच चक्राचा आजचा शिखरकाळ आल्याचे शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले, आणि आमच्या मुलाच्या चित्रात इतके डाग होते ते त्यामुळेच.

उलट पर्सिव्हल लॉवेलची गोष्ट. संगणक नाही, फेरफार नाही. उत्तम दुर्बीण आणि स्वतःचा डोळा. त्याने मंगळावर कालव्यांचे जाळे पाहिले आणि वर्षानुवर्षे रेखाटले. १९६५ साली मरिनर-४ यान जवळून गेले, तेव्हा खळगे दिसले, कालवे नव्हते. थरथरत्या हवेतले तुटक ठिपके त्याच्या मनाने जोडून घेतले होते. म्हणजे आपल्या कवटीतही एक सॉफ्टवेअर आहे. ते रात्रंदिवस चालते, कडा ठळक करते, रंग भरते. आणि त्याची कळ मागे घेण्याची सोय मात्र आपल्याला सहसा सापडत नाही.

इथवर आलो आणि मला माझे काका आठवले.

माझे वडील लवकर गेले. आम्हाला काकांनी वाढवले. काका हिशेबी, कडक. तुपाच्या बरणीला कुलूप असे. काड्यापेटीतल्या काड्या ते मोजत. मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात जायचे होते, ते म्हणाले, "झेपणार नाही." विषय संपला. पुढे मी पहिली कादंबरी लिहिली तीत एक कंजूष चुलता आहे. कुलूप आहे, मोजलेल्या काड्या आहेत, पोरक्या पुतण्याचे मोडलेले शिक्षण आहे. नाव बदलले होते, पण गावात प्रत्येकाने ओळखले. पुष्कळांनी पाठ थोपटली, 'काय जिवंत उतरलाय म्हातारा!' म्हणाले. काका एक शब्द बोलले नाहीत. ते गेल्यावर त्यांच्या कपाटात पुस्तकाची एक प्रत सापडली. विकत घेतलेली. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली.

मी लिहिले त्यातले एकही चित्र खोटे नव्हते. बरणीला कुलूप खरेच होते. पण दोन हजार चित्रांतून मी दहा निवडली होती. दिवाळीत पहाटे चारला उठून बंब पेटवणारे, आम्हा सहा पोरांना कढत पाण्याने न्हाऊ घालून शेवटी स्वतः गार पाण्याने उरकणारे काका मी गाळले होते. ते माझ्या वडिलांचे कर्ज बारा वर्षे फेडत होते, म्हणून 'झेपणार नाही' म्हणाले होते. आणि हे मला मागाहून कळले असेही नाही. कादंबरी लिहिण्यापूर्वीच मला ते ठाऊक होते. कर्ज घातले असते तर खलनायक नीट उभा राहिला नसता.

कोणी म्हणेल, मुलानेही दोन हजारांतून दोनशेच निवडली. मग तुमच्यात आणि त्याच्यात फरक काय? मी हाच प्रश्न स्वतःला कित्येक दिवस विचारला. फरक मला असा दिसतो. मुलाचे सॉफ्टवेअर प्रत्येक चित्राला एकच गोष्ट विचारत होते : तू टिपले गेलेस तेव्हा हवा किती शांत होती? डाग मोठा दिसतो की लहान, देखणा की कुरूप, हे ते विचारत नव्हते. निवडीची कसोटी आधी ठरली आणि सूर्य जसा निघेल तसा निघाला. माझ्या बाबतीत सूर्य आधी ठरला होता. मी त्याला लागणारी चित्रे शोधत होतो. शिवाय माझी चित्रे नेमकी अशांत हवेतली, माझ्या रागाच्या हवेतली होती.

आणखी एक गोष्ट मुलाने सांगितली होती. चलच्चित्र फार लांब घ्यायचे नसते. सूर्यावरचे दाणे आठदहा मिनिटांत जन्मतात आणि विरतात. तासाभराची चित्रे एकावर एक ठेवली तर जो सूर्य निघेल तो कोणत्याच क्षणी नव्हता. मी मात्र चाळिशीतले, साठीतले आणि सत्तरीतले काका एकावर एक रचून एक माणूस बनवला होता. असा माणूस कधी झालाच नव्हता.

याचा अर्थ लेखकाने निवड करू नये असा नाही. निवड केली नाही तर पुस्तकच होणार नाही. नुसते थरथरते बिंब राहील. हात लावावाच लागतो. पण हात लावणाऱ्याला आपल्या हाताचा ठसा ओळखता आला पाहिजे, आणि ते चांदीचे कडे कितीही शोभले तरी 'हे मी केले' म्हणून मागे घेता आले पाहिजे. मला ते जमले नव्हते. लोक त्या कड्यालाच टाळ्या देत होते.

मी शाळेत जाऊन माझी चूक सांगितली. जाहीर झालेला निकाल बदलता येत नाही, असे मला सांगण्यात आले. मुलाला मी वर्गासमोर म्हणालो, "मी लिहिलेला शेरा चुकीचा होता." तो संकोचला. मधल्या सुटीत चित्र घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, हे तुम्हाला ठेवा. पण त्या दिवशी तुम्ही मागची बाजू वाचली नव्हती का?"

मी चित्र उलटवले. मागे त्याच्या अक्षरात सारे लिहिले होते : तारीख, वेळ, दुर्बीण, पडदा, किती चित्रे टिपली, किती ठेवली, कोणते सॉफ्टवेअर, किती वेळा अंदाज सुधारला, आणि शेवटी, 'रंग मी दिला आहे.' प्रदर्शनात ते चित्र माझ्या हातात होते. मी ते उलटवून पाहिले नव्हते.

गेल्या भाऊबीजेला मी काकूंकडे गेलो. त्या थकल्या आहेत, पण करंज्या अजून स्वतःच्या हातानेच करतात. ताट पुढे आल्यावर मी मान खाली घालून म्हणालो, "काकू, त्या पुस्तकात काकांविषयी मी जे लिहिलं..."

त्यांनी मला पुरते बोलू दिले नाही. "वाचलंय मी," त्या म्हणाल्या. "खोटं नव्हतं रे त्यात काही. पण तेवढंच नव्हते ते." मग जराशाने त्या म्हणाल्या, "करंजी घे. गार होतील."

मी करंजी घेतली. त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघायची आहे. मजकुरात मी काही बदलणार नाही. छापून झालेले चित्र आता सरळ होणारे नाही. शेवटच्या पानामागे एक कोरे पान असते, त्यावर मात्र काही ओळी छापायच्या ठरवल्या आहेत : किती चित्रे होती, किती ठेवली, कोणती गाळली. आणि बंबाविषयी. प्रकाशकांना ते विचित्र वाटते आहे. कादंबरीच्या मागे असे कोणी छापत नाही, असे ते म्हणतात. त्यांचे बरोबर असेल. मुलाचे चित्र मी माझ्या टेबलासमोर लावले आहे. ते चौकटीत बसवताना सुताराला सांगून मागची फळी मुद्दाम उघडी ठेवून घेतली आहे.